वरचा आकडा

एकवीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला खुर्चीत कसं बसायचं हे शिकवायला लागले, तेव्हाच मी कानाला खडा लावून परत फिरायला हवं होतं. पाठ टेकून बसा. पेशंटकडे झुकू नका. हात लावण्याआधी विचारा. हसा, पण दात दाखवू नका. माझ्या दोन्ही बाजूंना माझ्या मुलीच्या वयाच्या दोन पोरी वहीत हे सगळं टिपून घेत होत्या. आणि शिकवणारी कोण, तर माझी सख्खी नणंद.

घरात तिला सगळे बेबी म्हणतात. बेचाळिसाव्या वर्षीही बेबीच. पण ते घरात. त्या दिवशी सकाळी गाडीत बसल्या बसल्या तिने मला बजावलं होतं की ऑफिसात तिला मॅडम म्हणायचं आणि ती मला वहिनी म्हणणार नाही. आपण एकमेकींना ओळखत नाही, हे डोक्यात पक्कं बसव, असं म्हणून तिने मला दोन गल्ल्या अलीकडेच उतरवलं. तिथून मी चालत गेले, हातात डबा, पायात नवे बूट, टाचेला फोड. लग्नानंतर तिचं आडनाव वेगळं, माझं वेगळं, त्यामुळे कागदावरूनही कुणाला कळणार नव्हतं.

कारण होतं. नात्यातल्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करायची नाही, असा त्या संस्थेचा नियम होता. तो नियम मोडून तिने मला घेतलं होतं आणि हे उपकार ती मला सकाळ-संध्याकाळ, औषधाच्या डोससारखे पाजायची. खोटं कशाला बोलू, उपकार होतेच. आमचं हॉस्पिटल बंद पडलं तेव्हा मी चव्वेचाळीसची होते. त्या वयात नवीन जागी सिस्टर म्हणून कोण उभी करतं? परदेशात, नणंदेच्या शहरात मात्र नर्स हव्या होत्या. अट एवढीच की कुठल्या तरी मान्य संस्थेत बारा आठवडे उमेदवारी करायची, वरिष्ठाची सही आणायची, आणि मग परीक्षेला बसायचं. ती एक सही मिळाली की मी पुन्हा सिस्टर होणार होते. मला दुसरं काही नको होतं. घर नको, फिरणं नको. पांढरा कोट आणि वॉर्ड हवा होता.

संस्था म्हणजे एका लॉन्ड्रीच्या वरचा मजला. खालून दिवसभर मशीनचा घरघराट आणि साबणाचा वास. चार खोल्या, राखाडी गालिचा, भिंतीवर हात कसे धुवायचे याची चित्रं. आजूबाजूच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांचं प्रेशर बघायचं, साखर बघायची, गोळ्या घेतल्या का विचारायचं, आणि ज्यांना मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं असेल त्यांना संस्थेच्या गाडीने न्यायचं. गाडी माझी नणंद चालवायची. सगळ्यांच्या वर एक डॉक्टरीणबाई. साठीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं की यंत्रावर बटण दाबून प्रेशर बघणं म्हणजे बघणं नव्हे. पट्टा बांधा, फुगा दाबा, कानाला नळ्या लावा आणि स्वतःच्या कानाने ऐका. एवढ्या एका गोष्टीवर माझं त्यांच्याशी जमलं असतं.

त्यांची एक पद्धत होती. नवीन उमेदवार आला की पहिल्या दिवशी त्याने सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रेशर बघायचं. सराव पण होतो, आणि सहा महिन्यांची तपासणी पण उरकते. आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, खाली सही करायची. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे गेला तर त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगायचं, आणि त्या परवानगी देईपर्यंत त्या माणसाने गाडीला हात लावायचा नाही. सोपा नियम. मला तो फार आवडला. आमच्याकडे असे नियम भिंतीवर टांगलेले असायचे आणि कुणी वर मान करून बघायचं नाही.

सात जणांचं झालं. आठवी माझी नणंद. ती आत आली, दार लावलं, बाही वर केली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी रीतसर विचारलं, हात लावू का मॅडम? ती म्हणाली, लाव लवकर. मी पट्टा बांधला, फुगा दाबला, हळूहळू हवा सोडली. ठोका कानात आला तेव्हा काटा एकशे शहाण्णववर होता. खालचा एकशे बारा.

मी तिला आकडा सांगितला. ती म्हणाली, परत बघ. परत बघितलं. एकशे चौऱ्याण्णव. तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. सकाळपासून पहिल्यांदा नीट बघितलं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "एकशे चौतीस लिही."

तीन तासांपूर्वी आपण एकमेकींना ओळखत नव्हतो. आता मी वहिनी झाले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातलं गाढव मी. मी म्हटलं, बेबी, हे लपवायचं दुखणं नाही, उद्या हातपाय गेले तर काय करशील? ती म्हणाली, आज संध्याकाळीच दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, तुझी शपथ. फक्त इथे नको. इथे एकदा आजारी ठरलं की माणूस कायमचा आजारी. इथल्या फरशा पुसण्यापासून सुरुवात केली मी, एकोणीस वर्षं लागली या खुर्चीपर्यंत यायला.

तिचे डोळे भरले होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा उभा राहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दुसरी कुणी असती तर तिचा हात धरून मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेली असती. पण घरातल्या माणसाचं दुखणं चारचौघांत उघडं करायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवत नाही, ते रक्तातच येतं. आणि सहीचं काय, तेही मनात आलंच. ते आलं नाही असं मी म्हणणार नाही. मी लिहिलं. एकशे चौतीस, शहाऐंशी. खाली सही केली.

संध्याकाळी ती डॉक्टरकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या मागे लागू नकोस, तुझं काम बघ.

मला वाटलं होतं की आता तरी बाई जरा नरम पडेल. कसचं काय. उलट वाघीण झाली. माझ्याकडे तिचं गुपित होतं ना, म्हणून माझं तोंडच तिला नको झालं. दोन पोरींना पेशंटच्या घरी पाठवायची आणि मला पत्रकांच्या घड्या घालायला बसवायची. एकदा एका आजोबांच्या पायाची जखम बघायला मी खाली वाकले, तर सगळ्यांसमोर म्हणाली, इथे तुमच्याकडच्यासारखं चालत नाही, आधी परवानगी घ्यायची. तुमच्याकडच्यासारखं म्हणे. हिची नाळ कुठे पुरली ते मला माहीत आहे. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मिठाची गुळणी धरून बसले. आठवड्याच्या शेवटी माझ्या फायलीत शेरा: सूचना पाळण्यात कमी पडतात.

आणि दर बुधवारी हीच बाई वस्तीतल्या सभागृहात पन्नास म्हाताऱ्यांसमोर उभी राहून सांगायची, प्रेशर लपवू नका, वेळेवर गोळी घ्या, तुमच्या माणसांसाठी जगा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हातारे माना डोलवायचे. मी मागे उभी राहून पाण्याचे ग्लास भरायचे.

घरी तर विचारूच नका, राहायलाही मी तिच्याकडेच होते. स्वयंपाक माझ्याकडे होता, म्हणून मी मीठ कमी केलं. पहिल्याच घासाला तिने ताट सरकवलं. म्हणाली, माझ्या घरात मला उपाशी मारायचा विचार आहे का? उठली, मिठाचा डबा आणला आणि माझ्या डोळ्यांदेखत चमचाभर मीठ भाजीवर टाकलं. मी म्हटलं, टाक, अजून टाक, तुझ्या भावाला काय उत्तर द्यायचं ते तेवढं लिहून ठेव. ती म्हणाली, भावाला मध्ये आणू नकोस. मी म्हटलं, मध्ये आहे म्हणूनच तू अजून खुर्चीत आहेस. त्यानंतर चार दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ऑफिसात नाही, घरात नाही. ती मला दोन गल्ल्या अलीकडे उतरवायची तेवढा दार लावल्याचा आवाज.

भारतातून नवऱ्याचा फोन आला की तो म्हणायचा, जुळवून घे, बेबी तापट आहे पण मनाने चांगली आहे. मी म्हणायचे, अहो, मनाने चांगल्या माणसांची तोंडं वाईट का असतात, ते मला एकदा समजावून सांगा. तो हसायचा. प्रेशरचं मी त्यालाही सांगितलं नाही. काय सांगणार? तुमच्या बहिणीचा जीव धोक्यात आहे आणि तुमच्या बायकोने खोटी सही केली आहे?

असे दहा आठवडे गेले. दोन राहिले.

त्या मंगळवारी चार म्हाताऱ्यांना डोळ्यांच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. दहा वाजता गाडी निघणार, नणंद चालवणार. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती दोन्ही हातांनी ओटा धरून उभी. डोळे मिटलेले. विचारलं तर म्हणाली, मान आखडलीय, झोप नीट झाली नाही. मानेमागे ठणकतंय का, म्हटलं. डोळ्यांसमोर काजवे? तिने डोळे आणखी घट्ट मिटले. मी माझ्या बॅगेतला पट्टा आणला आणि परवानगी वगैरे न विचारता तिच्या दंडाला बांधला. दोनशे चौदा. खालचा एकशे वीस.

"आज तू गाडी चालवणार नाहीस," मी म्हटलं.

तिने पट्टा ओढून काढला आणि ओट्यावर टाकला. बाही खाली केली, बटण लावलं.

"तुझ्या सहीला दोन आठवडे राहिलेत, वहिनी. विचार करून बोल."

आणि निघून गेली. मला न घेता, स्वतःची गाडी काढून. मी चपलांवरच धावले. बस यायला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत मी विचार केला, तिने सांगितल्याप्रमाणे. सही एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला चार म्हाताऱ्यांची डोकी आणि ही बया. आणि खरं सांगू का, मला रडू आलं ते बयेसाठी नव्हतं. माझ्या वॉर्डसाठी होतं. तिथे बस स्टॉपवर उभी राहून, लोक बघतायत याची लाज न बाळगता मी रडले. मग बस आली.

पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. चारही म्हातारे गाडीत पट्टे बांधून बसले होते. एक आजी मला बघून हसल्या आणि हात हलवला. मी सरळ वर गेले आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले. दार वाजवायचं असतं हे मला शिकवलं होतं. वाजवलं नाही.

मी सांगितलं की मॅडमचं प्रेशर आत्ता दोनशेच्या वर आहे, त्यांना गाडी चालवू देऊ नका. डॉक्टरीणबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. नणंदेला बोलावलं, खुर्चीत बसवलं, स्वतः पट्टा बांधला, स्वतःच्या कानाने ऐकलं. दोनशे आठ. त्यांनी हात पुढे केला आणि नणंदेने खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. गाडीवर दुसरा माणूस गेला. मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, पान उघडून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, दहा आठवड्यांपूर्वी एकशे चौतीस होतं. ते कसं?

मी तोंड उघडायच्या आत माझी नणंद बोलली. तिकडच्या भाषेत, सावकाश, एकेक शब्द तोलून. म्हणाली, मला आकडा दाखवलाच नाही. ठीक आहे म्हणाल्या आणि लिहिलं. नवीन आहेत, ऐकण्यात चूक झाली असेल.

ऐकण्यात चूक. माझ्या. एकवीस वर्षं ज्या कानांनी मध्यरात्रीच्या वॉर्डात कुणाचा श्वास बिघडला ते पलंगापाशी न जाता ओळखलं, त्या कानांची चूक. माझ्या जिभेवर दोन वाक्यं तयार होती. एक, हिने सांगितलं म्हणून लिहिलं. दोन, ही माझी नणंद आहे. दोनच वाक्यं, आणि तिची एकोणीस वर्षं त्या टेबलावरच संपली असती. डॉक्टरीणबाईंनी विचारलंही, तुम्हाला हा आकडा लिहायला कुणी सांगितलं होतं का?

मी बोलणार होते. देवाशपथ बोलणार होते. पण समोर ते पान होतं. माझं अक्षर फार सुरेख आहे, सगळे म्हणतात. ते एकशे चौतीस छान, गोल, न खोडता लिहिलेलं होतं, आणि खाली माझी सही. मला एक पोरगी आठवली, आमच्या वॉर्डातली शिकाऊ. तिने न बघता तापाचा तक्ता भरला होता, आणि पकडल्यावर म्हणाली होती, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहिलं. मी तिला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. तिची आई येऊन रडली होती माझ्यापुढे. मी ऐकलं नव्हतं.

"ऐकण्यात चूक नव्हती," मी म्हटलं. "मला एकशे शहाण्णव ऐकू आलं होतं. मी एकशे चौतीस लिहिलं."

"कुणी सांगितलं?"

"पेन माझ्या हातात होतं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग नणंदेकडे. नणंद खाली गालिचाकडे बघत होती. मग त्यांनी माझी फाईल घेतली आणि लिहायला लागल्या. उमेदवारी आजपासून रद्द. कारण, खोटी नोंद. हा शेरा नर्सिंगच्या मंडळाकडे जाईल, आणि असा शेरा असलेल्यांना मंडळ पुन्हा अर्ज करू देत नाही, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. गळ्यातलं ओळखपत्र मी टेबलावर ठेवलं आणि खाली आले. लॉन्ड्रीच्या मशीन चालू होत्या.

नणंदेला एक दिवस हॉस्पिटलात ठेवलं. बुधवारी संध्याकाळी घरी सोडलं, गोळ्या दिल्या, सकाळी एक, रोज, न चुकता. गुरुवारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी कपडे आवरत होते.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "भ्रमात राहू नकोस."

ती तरी हलली नाही. मग म्हणाली, उद्या बोलावलंय मला डॉक्टरीणबाईंनी. उद्या सांगते त्यांना. मी विचारलं, काय सांगतेस? म्हणाली, खरं ते. मीच सांगितलं होतं तुला लिहायला. तू एकटीने का भोगायचं?

आणि मी मूर्ख, मी विश्वास ठेवला. शेरा बदलणार नाही हे डोक्याला कळत होतं, सही खोटी ती खोटीच. पण मन काय ऐकतं का? वाटलं, एक ओळ वाढवतील शेऱ्यात. वरिष्ठाच्या सांगण्यावरून, एवढं लिहितील. तेवढ्यावर मंडळाकडे एखादा अर्ज करता येईल. त्या दिवशी मी दोन वेळा नीट जेवले. अर्जात काय लिहायचं तेही ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी ती परत आली. कोट अडकवला, बूट काढले, हात धुतले, चित्रात दाखवतात तसे, बोटांच्या मधूनसुद्धा. मी ओट्यापाशी उभी होते. ती म्हणाली, सहा आठवडे सुट्टी दिलीय. खुर्ची कुणाला देणार नाहीत, डॉक्टरीणबाईंनी शब्द दिलाय. गाडी मात्र आता नाही चालवायची. मी म्हटलं, बरं झालं. वाट बघत राहिले. तिने फ्रिज उघडला, बंद केला.

"आणि?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"तुझं तिकीट कधीचं काढायचं?"

मग मी बोलले. दहा आठवड्यांचं सगळं बोलले. दोन गल्ल्या, पत्रकांच्या घड्या, मिठाचा डबा, ऐकण्यातली चूक, तिचे उपकार, तिची शपथ, एकूण एक. शेजारच्या भिंतीला ऐकू गेलं असेल. तुझ्या आईने तुला दूध पाजलं की विष, तेही विचारलं, आणि ती बाई तर माझी देवासारखी सासू होती. नणंद ऐकत राहिली. एका शब्दाने उलटून बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शेवटी माझा श्वास संपला.

"रविवारचं काढ," मी म्हटलं. "आज गोळी घेतलीस का?"

"घेतली."

स्ट्रिप तिथेच ओट्यावर होती. दोन दिवस झाले होते आणि त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती. मी ती उचलून तिच्यासमोर धरली. ती भिंतीकडे बघायला लागली. मी एक गोळी काढली, पेल्यात पाणी घेतलं, दोन्ही तिच्या हातात दिलं आणि समोर उभी राहिले. तिने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली.

"तोंड उघड," मी म्हटलं. "जीभ वर कर."

तिने जीभ वर केली. मी नीट वाकून बघितलं. गोळी गेली होती.